मनगटापासून पुढं

पेनाचं मागचं टोक शिवलीलानं काकूच्या बोटाच्या मुळाशी टेकवलं आणि टकटक केलं.

"इथं?"

"काय न्हाय."

पेन तळहातावरून मनगटाच्या दिशेनं जरासं मागं आलं. टकटक.

"इथं?"

"न्हाय गं. भिंतीवर वाजवल्यासारखं वाटायलंय."

"आन् इथं?"

काकूच्या भुवया एकदम वर गेल्या. "आता गं बया! मुंग्या आल्या की. अंगठ्यात आल्या, बोटात आल्या. वारूळच फुटलं जणू."

शिवलीला जागच्या जागी उडीच मारणार होती, पण मांडीवर काकूचा हात होता. तिनं चटईवरचा मेंदीचा कोन उचलला आणि त्या जागी एक टिंब दिलं. ओलं, हिरवंगार. आधीची टिंबं मनगटावरच्या जाड गुलाबी व्रणापासून एका ओळीत निघाली होती. पेनाची खूण शेणामातीच्या कामात टिकत नाही म्हणून मेंदी, आणि मेंदीही पुसट झाली की शिवलीला ती परत गिरवायची. आजचं टिंब मागच्या टिंबाच्या पुढं सरकलं होतं. फार नाही, करंगळीच्या नखाएवढं. पण सरकलं होतं.

"लोकं लग्नात मेंदी लावत्यात," काकू म्हणाली, "माझं दर रविवारी लगीन."

"नवरा बदलला असशील तर सांग," दारातून रेवणप्पाकाका दुधाचं कॅन घेऊन आत आले. "म्हंजी भाकरी थापायची माझी पाळी तरी संपंल."

"नवरा त्योच हाय. भाकरी बी तशीच हाय, नकाशावानी."

"मग अक्कल बी तीच ऱ्हाईली म्हणायची." काकांनी कॅन खाली ठेवलं. "ह्या घरात आता बटण बघायला एक माणूस रोजानं लावावा लागतोय."

काकू हसली. हे ऐकलं की ती नेहमी हसायची. शिवलीलाच्या हातातला कोन मात्र दाबला गेला आणि मेंदीचा एक लांबडा गोळा चटईवर पडला.

"अगं अगं, चटईचं कुठं लगीन लावायलीस!" काकू म्हणाली.

शिवलीला फडकं आणायला उठली आणि बराच वेळ मोरीतच उभी राहिली.

तिचे आईवडील पुण्याला एका कंपनीत होते. दिवाळी आणि खंडोबाची यात्रा, एवढेच काय ते अणदूरला यायचे. शिवलीलाला न्हाऊमाखू घालून, शाळेत सोडून, वेण्या घालून वाढवलं ते गिरिजाकाकूनं. त्यामुळं काकांना ती 'अहोजाहो' करायची आणि काकूला थेट 'तू'. काकूला स्वतःचं मूल नव्हतं, पण कुणी तसं म्हटलं की ती शिवलीलाकडं बोट करायची. "ही काय दिसंना व्हय?"

दुपारी काकू कवड्या घेऊन बसली. तुळजापूरच्या दुकानदाराकडून कवड्यांची पिशवी यायची आणि इथून ओवलेल्या माळा जायच्या. आधी ती टीव्हीवरची मालिका बघत बघत ओवायची. नजर पडद्यावर, तोंड शेजारणीशी, आणि बोटं आपोआप चाललेली. कवडी चिमटीत आली की पाठ कुठली, पोट कुठलं, भोक कुठं, हे बोटांनाच कळायचं. आता ती मान खाली घालून एकेक कवडी न्याहाळत ओवायची, म्हाताऱ्या सोनारासारखी.

"काकू, रक्त."

"कुठं?"

पांढऱ्या कवडीवर लाल ठिपका होता. सुई अंगठ्यात गेली होती आणि काकूला पत्ताच नव्हता. तिनं अंगठ्याकडं असं बघितलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे. मग पदराला पुसला.

"कळंना झालंय बघ. तुझ्या त्या मुंग्या हितवर कवा यायच्या?"

यासाठीच तर शिवलीला थांबलेली असायची. ती गुडघ्यांवर सरसावून बसली. या विषयावर तिला कुणीही, कधीही बोलायला सांगावं. अकरावीच्या वर्गात ती बोलली होती, शाळेच्या परिपाठात बोलली होती, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तर अशी बोलली होती की परीक्षकांना पुढच्या टेबलावर जायला उशीर झाला आणि पहिला नंबर घेऊन ती घरी आली. आधी वर्गात हजेरी द्यायलाही जिचा आवाज फुटायचा नाही, ती ही पोरगी.

"येणार. मुंग्या जिथवर, तिथवर नस पोचली म्हणायची. पण ती अशी सुसाट येत न्हाय, काकू. दिवसाला नखाच्या जाडीएवढी वाढते. आणि तिच्या टोकाला ना, एक पंजा असतो. खरंच! त्याला बोटं असतात, दिसणार न्हाईत एवढी बारीक. डोळे न्हाईत. तो नुसता चाचपत जातो. मग वाटेतले रेणू त्याला सांगतात. काही म्हणतात, ये, इकडं ये. काही म्हणतात, नको, इकडं नको. ये म्हणणारा नेट्रिन, आणि नको म्हणणारा—"

"म्हंजी एक बा म्हणतंय, एक ब्याड म्हणतंय."

काकूचं माहेर सीमेपलीकडचं. वासराला बोलवायचं असो की मांजराला हाकलायचं, तिच्या तोंडी कानडीच यायची. शिवलीला खिदळली. नेट्रिन आणि सेमाफोरिनचं बारसं तिथल्या तिथं उरकलं: बा आणि ब्याड.

"आणि गंमत म्हणजे, बाळ पोटात असताना त्याच्या पाठीच्या कण्यात एक मधली रेघ असते. काही तंतूंना ती आपल्याकडं ओढून घेते. पण एकदा का तंतूनं ती ओलांडली, की तीच जागा त्याला ढकलते. परत येऊच देत न्हाय."

"त्यात काय गंमत? माहेरच की ते. लग्नाआधी बा बा. लगीन झालं की, कवा निघालीस गं?"

दोघी हसल्या. मग काकूनं सुईत दोरा ओवायला शिवलीलाच्या हातात दिला आणि सहज विचारलं, "आन् एखादी नस भलतीकडंच गेली तर?"

"जाते कधीकधी. अंगठ्याची वाट चुकून बोटात शिरते. मग तिथंच मुक्काम."

"मागं फिरत न्हाय?"

"न्हाय."

काकूनं हातातली कवडी खाली ठेवली. "ज्याचं त्याला पोचलं म्हंजी बरं असतंय," ती म्हणाली आणि पुढची कवडी उचलली.

दोरा सुईच्या भोकातून जाईना. शिवलीलानं तो ओला केला, पिळला, परत लावला. काकू काही सुचवून बोलली का? की नुसतंच बोलली? गेले कित्येक महिने तिचं असंच चाललं होतं. काकूनं मीठ मागितलं तरी ती त्या आवाजात काहीतरी शोधायची.

कारण तिला एकच गोष्ट कळत नव्हती. काकूला ते आठवतंय का?

त्या दिवशी कडबाकुट्टीवर शिवलीलाच होती. कडबा यंत्रात सारायचा, पलीकडून बारीक कुट्टी पडत जायची. हे काम ती नेहमी करायची. मध्येच लाईट गेली आणि यंत्र घरघरत थांबलं. लाईट गेली की आधी बटण बंद करायचं, हे त्या घरात पोराला चालायच्या आधी शिकवलं जाई. पण आदल्याच दिवशी शाळेच्या स्नेहसंमेलनात तिनं आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलं होतं आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला होता. हातातली पेंडी टाकून ती घरात पळाली. पलंगावर पालथी पडून ती स्वतःलाच बघत होती. तो हात वर करून बोलण्याचा क्षण आला की मागं नेऊन परत. टाळ्या. परत मागं. टाळ्या.

गोठ्यातून काकूचा आवाज आला. "शिवे, तोंडाशी कुट्टी अडकलीया. बटण बंद हाय का गं?"

"व्हय," शिवलीला म्हणाली. मान वर न करता.

मग लाईट आली. आणि लाईट आली तेव्हा शिवलीलाला क्षणभर बरंच वाटलं होतं. बॅटरी संपत आली होती. तिनं आधी चार्जर लावला. पिन नीट बसली का ते बघितलं. त्यानंतर गोठ्यातून ओरडणं ऐकू आलं.

हात वाचला. पात्यानं मनगटावरून खोल वार केला होता. सोलापूरला नेऊन रक्तवाहिन्या, स्नायूंच्या दोऱ्या आणि नस, सगळं जोडलं. पण जीपमधून सोलापूरला जाताना, टॉवेलात गुंडाळलेला तो हात शिवलीलाच्या मांडीवर असताना, काका ओरडत होते, "बटण! बटण बघितलं न्हाईस का तू?" आणि पांढऱ्या पडलेल्या ओठांनी काकू म्हणाली होती, "न्हाय बघितलं. माझंच चुकलं."

शिवलीलानं तोंड उघडलं होतं. नंतर मिटलं. घाबरून काकू विसरली असेल, असं तिनं आधी स्वतःला सांगितलं. नंतर सांगू, टाके निघाल्यावर सांगू, असं सांगितलं. मग रात्रंदिवस मोबाईलवर तिनं नसा कशा वाढतात ते वाचायला घेतलं, इंग्रजी शब्द अडला की अर्थ बघत, आणि वाचता वाचता त्यातच इतकी रमली की सांगायचं राहूनच गेलं. पोरीनं काकूसाठी केवढं शोधून काढलं म्हणून गल्ली कौतुक करायला लागली. त्यानंतर तर सांगण्याची वाटच बुजली. गोठ्याकडं जायची वेळ आली की तिला दुसरं काहीतरी काम निघायचं.

प्रदर्शन आता जिल्ह्याला होतं. विज्ञानाच्या राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, "शिवलीला, मॉडेल छान आहे गं. पण तुझ्या काकूंना घेऊन ये. टेबलाजवळ उभ्या राहू देत. परीक्षकांना प्रत्यक्ष दाखवता येईल."

"त्या न्हाय यायच्या, मॅडम."

"विचार तरी."

विचारलं तर काकू आधीच पेटीतलं इरकल काढून बसली. "धाराशिवला व्हय? येते की. माझा हात तेवढा शिकलाय, मी बी जरा बघून येते."

एसटीत मॉडेल काकूच्या मांडीवर होतं. थर्माकोलच्या पाटावर एक मोठा हात रंगवलेला, त्यात जुन्या स्पीकरमधून काढलेली चुंबकं लपवलेली, आणि कवड्यांच्या माळेची एक नस. तिच्या टोकाला कागदाचा इवलासा पंजा आणि पंजात एक चुंबक. माळ सरकवत नेली की काही ठिकाणी पंजा ओढला जायचा, काही ठिकाणी अंग चोरून बाजूला व्हायचा.

"ह्याचं तिकीट काढलं का, मावशी?" कंडक्टर म्हणाला. "जागा लई धरलीया ह्यानं."

"अर्धं काढा. अजून वाढायलंय ते."

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिवलीला पेटली. समोर माणूस आला की तिच्या आवाजाला आपोआप चढ यायचा. बा आणि ब्याड ऐकून शाळकरी पोरं हसायची, परत परत पंजा सरकवून बघायची. काकू बाजूला खुर्चीत, मेंदीच्या टिंबांचा हात मांडीवर उताणा ठेवून, लग्नातल्या करवलीसारखी बसली होती. आता टिंबांची ओळ बोटांच्या मुळांपर्यंत पोचली होती.

परीक्षक आले ते उंच, शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग काकूसमोर वाकले.

"मावशी, डोळे मिटता का जरा? मी हात लावीन, तुम्ही बोट सांगायचं."

काकूनं डोळे मिटले. सरांनी पेनाचं टोपण तर्जनीच्या मुळाशी टेकवलं.

"मधलं बोट," काकू म्हणाली.

सरांनी शिवलीलाकडं बघितलं. परत तिथंच टेकवलं.

"मधलंच. मघाशीबी मधलंच."

"का होतंय असं?" सरांनी विचारलं.

"सर, तर्जनीच्या वाटेवर दुसऱ्याच बोटाचे तंतू शिरलेत," शिवलीला भराभर बोलायला लागली. "आधी ते मधल्या बोटाला जात होते. आता तर्जनीत जाऊन बसलेत, पण मेंदूला अजून जुनाच पत्ता ठाऊक आहे. त्यामुळं लागतं एकाला आणि कळतं दुसऱ्याला. पण सर, मेंदूला शिकवता येतं. आम्ही रोज कवड्या घेऊन सराव करतो, डोळे मिटून, पाठ की पोट."

"वा!" सर म्हणाले. त्यांना खरंच आवडलं होतं. डोळे मिटलेल्या काकूकडं बघत त्यांनी विचारलं, "आणि हे झालं कसं, मावशी?"

"कडबाकुट्टीत. लाईट गेली हुती. बटण बघायचं ऱ्हाऊन गेलं."

"अरेरे. घरी कुणीच नव्हतं का?" प्रश्न सरांनी आता शिवलीलाकडं वळवला. "तू कुठं होतीस तेव्हा?"

हॉलमध्ये गलका होता. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी ज्वालामुखी फसफसून वर आला आणि पोरं ओरडली. शिवलीलाच्या बोटांखाली कागदाचा पंजा होता. तो एका चुंबकापाशी आला आणि बाजूला सरकला.

"मी... घरात. अभ्यास करत होते, सर."

हे ती पहिल्यांदाच बोलली होती. आजवर ती गप्प राहिली होती, तेवढंच. गप्प राहणं आणि हे, यात किती अंतर असतं ते तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"व्हय," काकू म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. "अभ्यासच करायली हुती."

दुसरा नंबर आला. राजेश्वरी मॅडमनी पाठीत धपाटा घातला, फोटो निघाले, फोटोत काकू मधोमध आणि तिच्या हातात ढाल. परतीच्या एसटीत ढाल काकूनं पदराखाली धरली होती, थंडी वाजेल तिला अशी.

नळदुर्ग मागं पडलं. शिवलीला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काकू, त्या दिवशी..."

"खिडकी लाव. वारं यायलंय."

तिनं खिडकी लावली. काच खडखडत राहिली.

"काकू, अभ्यास न्हवते करत मी."

 काकूची मान एका बाजूला कलली होती, डोळे मिटले होते. झोपली होती की काय, कुणास ठाऊक. तिचा टिंबांचा हात मात्र शिवलीलाच्या गुडघ्यावर होता आणि खड्डा आला की घट्ट व्हायचा.

त्यानंतर आठवडाभर ढाल टीव्हीवर उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला काका ती उतरवून दाखवायचे. "आमच्या पोरीनं आणली. हिच्या हातावर." आणि मग, हसत, "म्हंजी बटण इसरल्याचा काय तरी फायदा झालाच म्हणायचा की." पाहुणा हसायचा. काकू चहा गाळायची. आता शिवलीलाला ते वाक्य यायच्या आधीच ऐकू यायचं.

मग एके दिवशी शिवलीला अंगणात पुस्तक घेऊन बसली होती. गोठ्यात काका कुट्टी करत होते. मध्येच लाईट गेली. यंत्राची घरघर खाली खाली येत थांबली आणि काकांची कुरकुर सुरू झाली.

"च्यायला, ह्या मोक्यालाच जाती! आन् तोंडाशी गच्च बसलंय बघ." ते काठीनं खुपसत होते. "माझा पंजा आत जाईना."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आली. गेल्या काही दिवसांत तिनं पीठ मळायला परत सुरुवात केली होती. हात कोपरापर्यंत पांढरे होते. शिवलीलाच्या समोरून ती गोठ्यात गेली. अपघातानंतर यंत्रापाशी जायची तिची ही पहिलीच वेळ.

"सरका. मी बघते."

"तू? तू नको. एकदा झालं तेवढं बास झालं."

"सरका म्हणलं ना. तुमच्या काठीनं यंत्र मोडंल."

काका पुटपुटत बाजूला झाले. काकू यंत्रासमोर उकिडवी बसली. हात आत घालायच्या आधी ती थांबली आणि अंगणाच्या दिशेनं तिनं हाक मारली. त्याच चालीत, त्याच शब्दांत.

"शिवे, बटण बंद हाय का गं?"

पुस्तक शिवलीलाच्या मांडीवरून खाली पडलं. तिनं ते उचललं नाही. ती गोठ्यात गेली. गेल्या कितीतरी महिन्यांत तिनं ओलांडला नव्हता तो उंबरा तिनं ओलांडला, आणि खांबावरच्या बोर्डापाशी जाऊन उभी राहिली.

बटण बंद होतं. त्याच्यावर पिठाचं एक बोट उमटलेलं होतं. ताजं, अजून ओलसर.

शिवलीला त्या पांढऱ्या बोटाकडं बघत राहिली. मग तिनं मागं वळून बघितलं. काकूची तिच्याकडं पाठ होती. पिठाचे हात गुडघ्यांवर ठेवून, घाई नसल्यासारखी, ती उत्तराची वाट बघत होती.

"बंद हाय," शिवलीला म्हणाली. मग तिनं परत, मोठ्यानं सांगितलं. "बंद हाय, काकू. बघितलंय मी."

"मग ठीक हाय." काकूनं टिंबांचा हात यंत्राच्या तोंडात घातला.

काका कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांना बरं वाटलं असावं; बरं वाटलं की ते टोमणा मारायचे.

"आता सुचलं! अगं, हेच त्या दिवशी इचारलं असतंस, तर कशाला सोलापूर बघावं लागलं असतं?"

 या वेळी काकू हसली नाही. तिचा हात आत चाचपत होता.

"विचारलं होतं, काका."

काका वळले. "काय?"

"विचारलं होतं तिनं." शिवलीलानं एका हातानं खांब धरला होता. "असंच. मी व्हय म्हणले. मोबाईल बघत होते, आणि न बघता व्हय म्हणले. बटण मीच चालू ठेवलं होतं."

काका काही म्हणणार तेवढ्यात लाईट आली. घरातला पंखा फिरायला लागला, शेजारच्या टीव्हीवर कुणीतरी मोठ्यानं गायला लागलं. काकांचा हात आपोआप काकूच्या खांद्याकडं गेला, तिला मागं ओढायला. पण यंत्र गप्प होतं.

काकूनं हात बाहेर काढला नाही. डोळे मिटून ती आत शोधत होती, कवडीची पाठ शोधावी तशी.

"हितं टोचायलंय काय तरी," ती म्हणाली. "शिवे, कुट्टीला पाटी आण. निघंल आता."